काका, कोणता कॅमेरा घेऊ?

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमात संस्थेच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर. प्रत्यक्ष बोलताना झालेली पाल्हाळ थोडी कमी केली आहे.)



खाली लिफ्टजवळ माझे काही निसर्गचित्रांचे फोटो समितीने लावलेत. ते लागल्यापासून मला जिन्यात, पार्किंगमध्ये, भाजीवाल्यापाशी एकच प्रश्न येतो आहे. ‘काका, कोणता कॅमेरा घेऊ?’ त्यातले जरा माहीतगार असतात ते पुढे विचारतात, ‘आणि ती पुढे लावायची गोल काच, ती घ्यायची का?’ प्रत्येकाला जिन्यात उभं राहून उत्तर देण्याइतके माझे गुडघे आता बरे नाहीत. म्हणून समितीने बोलायला सांगितल्यावर म्हटलं, एकदाच बसून सांगून टाकू.

मी काही व्यावसायिक फोटोग्राफर नाही. अडतीस वर्षं बँकेत काढली. फोटो काढले ते रविवारी, बदलीच्या गावी आणि एलएफसीवर. पहिला कॅमेरा आगफाचा ‘क्लिक थ्री’. एका रोलवर बारा फोटो, त्यामुळे प्रत्येक फोटो काढताना हात आखडता. पुढे अकोले तालुक्यात तीन वर्षं होतो. कळसूबाई, रतनगड, भंडारदऱ्याचं पाणी, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, सगळं हाताशी. तिथे एक जुना पेंटॅक्स के-१००० घेतला आणि व्यसन लागलं ते आजतागायत सुटलेलं नाही. सौ. समोर बसल्या आहेत, त्या मान डोलावताहेत.

तर कॅमेरा. बँकेत कर्जाचा अर्ज आला की आम्ही पहिला प्रश्न विचारायचो, ‘पैसे कशासाठी हवेत?’ ज्याला त्याचं उत्तर एका वाक्यात देता यायचं, त्याचं प्रकरण बहुधा सरळ असायचं. कॅमेऱ्याचंही तसंच आहे. नातवाचे वाढदिवस, सहली, व्हॉट्सॲपवर पाठवायचे फोटो एवढंच हवं असेल, तर तुमच्या खिशातला मोबाईल पुरेसा आहे. पैसे वाचवा. फक्त त्याची काच रुमालाने नव्हे, चष्मा पुसायच्या स्वच्छ कापडाने पुसा, आणि दोन बोटांनी ताणून झूम करू नका, चार पावलं पुढे जा. डोंगरावर आकाश पांढरंफटक येत असेल तर पडद्यावर आकाशाला बोट लावा, उजेड थोडा खाली ओढा. निम्मे फोटो तिथेच सुधारतील.

ज्यांना फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा आहे, त्यांनी पुढचं ऐका. दुकानात गेल्यावर पहिल्यांदा मेगापिक्सेलचा मारा होतो. आपण साधा हिशेब करू. खाली लावलेले फोटो १२ इंच बाय १८ इंचाचे आहेत. उत्तम छपाईसाठी एका इंचात ३०० ठिपके धरतात. म्हणजे ३६०० गुणिले ५४००, झाले १ कोटी ९४ लाख ठिपके. ६००० बाय ४००० ठिपक्यांचा कॅमेरा, ज्याला २४ मेगापिक्सेल म्हणतात, तो २ कोटी ४० लाख देतो. शिल्लक ठेवून काम झालं! तुमच्या घरातला फोर-के टीव्ही फक्त ८३ लाख ठिपके दाखवतो. तेव्हा ४५ आणि ६० मेगापिक्सेलसाठी जादा पैसे मोजण्याआधी घरातली सर्वांत मोठी मोकळी भिंत मोजून बघा.

मेगापिक्सेलपेक्षा महत्त्वाचा असतो आतला सेन्सर, म्हणजे जिथे पूर्वी फिल्म असायची ती जागा. त्याचे आकार वेगवेगळे. फुल-फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर, आपल्या जुन्या रोलच्या फ्रेमएवढा. एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६. मायक्रो फोर-थर्ड्‌स १७.३ बाय १३. मोबाईलचा त्याहून पुष्कळ लहान. पाऊस पडताना अंगणात परात, ताट आणि वाटी ठेवली तर परातीत जास्त पाणी साठतं, तसा मोठ्या सेन्सरवर उजेड जास्त जमा होतो. अंधाऱ्या प्रकाशात, पहाटे, संध्याकाळी त्याचा फरक दिसतो. पण आपण निसर्गचित्रवाले. आपला डोंगर पळून जात नाही. ट्रायपॉड लावून सावकाश फोटो काढणाऱ्याला ताटसुद्धा पुरतं. परात हवीच असं नाही.

आणि परात उचलावी लागते! हा मुद्दा पस्तिशीतल्या माणसाला पटत नाही, पासष्टीनंतर आपोआप पटतो. माझा जुना डीएसएलआर, दोन लेन्स आणि ट्रायपॉड आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर साडेचार किलो भरला. सत्तरी ओलांडल्यावर तो काटा बघितला आणि ठरवलं, आता लहान सेन्सरचा, आरसा नसलेला म्हणजे मिररलेस कॅमेरा घ्यायचा. बॉडी आणि लेन्स मिळून किलोच्या आत. कपाटात राहिलेल्या भारी कॅमेऱ्यापेक्षा गळ्यात असलेला हलका कॅमेरा केव्हाही चांगला. दुकानात गेलात तर कॅमेरा दहा मिनिटं हातात धरून उभे राहा. बोटं बटणांवर नीट पोचतात का, चष्मा न काढता आत बघता येतं का, हे बघा. विक्रेता कंटाळला तरी चालेल.

आता पैसे. बॉडी आणि लेन्स यांचा हिशेब वेगळा ठेवा. बॉडी म्हणजे घसारा. दर दोन-तीन वर्षांनी नवं मॉडेल येतं आणि जुन्याची किंमत कोसळते. चांगली लेन्स पंधरा-वीस वर्षं सहज जाते. म्हणून बजेटमधला मोठा वाटा लेन्सला द्या. मोठ्या कंपन्यांनी आपला भर मिररलेसवर नेल्यामुळे बाजारात जुने डीएसएलआर चांगल्या भावात मिळतात. ज्याला शिकायचं आहे त्याच्यासाठी हा उत्तम काळ आहे. फक्त एक पाळा. जुनी लेन्स घेताना तिच्या एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे. ती लेन्स कितीही स्वस्त असली तरी नमस्कार करून परत द्या.

आणि जिनं घरातल्या वडीलधाऱ्यांकडून कॅमेऱ्यासाठी हप्ते काढून घेतलेत, त्या सी विंगमधल्या माझ्या नातीसारख्या मुलीला सांगतो, पहिले सहा महिने एकच लेन्स वापर. दुसरी लेन्स कोणती हवी ते ती पहिलीच तुला सांगेल.

आता त्या गोल काचा, म्हणजे फिल्टर.

कृष्णधवल फिल्मच्या काळात आमच्याकडे पिवळी, नारिंगी आणि लाल काच असायची. तत्त्व सोपं आहे. काच आपल्या रंगाचा उजेड आत सोडते आणि विरुद्ध रंगाचा अडवते. पिवळी काच निळा उजेड अडवते, म्हणून आकाश गडद होतं आणि पांढरे ढग उठून दिसतात. लाल काच लावली तर आकाश जवळजवळ काळं होतं. अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्यात हाफ डोम नावाचा प्रचंड कडा आहे. १९२७ साली अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स जड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन त्याच्यासमोर चढून गेले. दोनच प्लेटा उरल्या होत्या. पहिली पिवळ्या काचेतून काढली. मग त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला हा कडा जसा जाणवतोय तसा यात उतरणार नाही. दुसऱ्या प्लेटला गडद लाल काच लावली. काळं आकाश आणि त्यात उभा कातळ, तो फोटो जगभर गाजला. काच बदलली एवढंच नव्हे, आधी काय हवं ते ठरवलं आणि मग काच उचलली.

आज डिजिटलमध्ये या रंगीत काचांचं काम संगणकावर होतं. त्या विकत घेऊ नका. दुकानदार यूव्ही फिल्टर गळ्यात मारेल. फिल्मवर अतिनील किरणांचा परिणाम व्हायचा, डिजिटल सेन्सरच्या पुढे त्याची व्यवस्था आधीच असते. तेव्हा यूव्ही म्हणजे आता लेन्सचं रेनकोट. समुद्राचे तुषार, धूळ असेल तिथे लावा, एरवी नाही. आणि दहा हजारांच्या लेन्सपुढे दोनशे रुपयांची काच लावू नका. समोर सूर्य आला की तिच्यात उजेडाचे डाग दिसतात.

दोन फिल्टर मात्र असे आहेत की ज्यांचं काम संगणकाला नीट जमत नाही. पहिला पोलरायझर.

हा कसा चालतो ते दाखवायला मी दोन वस्तू आणल्या आहेत. हा माझा बँकेतला कॅल्क्युलेटर आणि हा पोलराइज्ड काचेचा गॉगल. आता गॉगल कॅल्क्युलेटरसमोर धरून हळूहळू फिरवतो. पुढे येऊन बघा. आकडे दिसताहेत, दिसताहेत... आणि गेले! पडदा काळा. पडद्यातून येणाऱ्या उजेडाची लहर एकाच पातळीत हलते. गॉगलची काच त्या पातळीला आडवी आली की उजेड अडतो. (या ठिकाणी बी विंगच्या बालगोपाळांनी कॅल्क्युलेटर ताब्यात घेतला, तो कार्यक्रमानंतर परत मिळाला.) गॉगल खरोखर पोलराइज्ड आहे की नुसताच काळा, हे तपासायची हीच रीत.

पाण्यावरची, ओल्या पानांवरची, काचेवरची चकाकी बरीचशी अशीच एका पातळीतली असते. निळ्या आकाशातला उजेडही काही भागात तसा असतो. पोलरायझर लेन्सवर लावून फिरवला की ती चकाकी जाते. तळ्याचा तळ दिसतो, पावसात भिजलेल्या झाडाचा खरा हिरवा रंग वर येतो, आकाश गडद होतं. चकाकीने झाकलेलं मुळात कॅमेऱ्यात आलंच नाही, तर संगणक ते कुठून आणणार? म्हणून ही काच घ्यायची.

आपल्या देशातला एक मोठा माणूस अशीच युक्ती करत होता. १९२१ साली सर सी. व्ही. रामन ‘नारकुंडा’ या बोटीने युरोपातून परत येत होते. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं तेव्हा मोठमोठे शास्त्रज्ञ मानत. रामन यांच्याजवळ निकोल प्रिझम होता, तोही उजेडाची एक पातळी अडवतो. त्यातून पाण्यावरचं आकाशाचं प्रतिबिंब त्यांनी घालवलं आणि बघितलं. निळा रंग गेला नाही, उलट अधिक खुलला. म्हणजे तो रंग पाण्याचाच! तिथून सुरू झालेला विचार पुढे रामन परिणामापर्यंत आणि १९३० च्या नोबेल पुरस्कारापर्यंत गेला. आपण नोबेल नाही मिळवणार, पण पवना धरणाच्या काठावर हीच गंमत आपल्यालाही बघता येते. मोबाईलवाल्यांनी तर गॉगलची काच मोबाईलच्या लेन्सपुढे धरून फिरवावी. फुकटचा पोलरायझर!

वापरताना चार गोष्टी ध्यानात ठेवा. एक, आकाश कुठे गडद होईल ते असं ओळखा. अंगठा आणि तर्जनी काटकोनात धरा, तर्जनी सूर्याकडे रोखा आणि मनगट फिरवा. अंगठा जिकडे जिकडे जाईल तिकडे परिणाम सर्वांत जास्त. सूर्य अगदी समोर किंवा अगदी पाठीशी असेल तर आकाशावर काही होणार नाही. दोन, फार रुंद कोनाच्या लेन्सवर आकाशाचा एक पट्टा काळा आणि बाजू फिकट असं विचित्र दिसतं, तेव्हा जपून. तीन, ही काच निम्म्याहून जास्त उजेड खाते, हात हलतो, आधार घ्या. आणि चार, माळशेज घाटात इंद्रधनुष्य दिसलं की आधी पोलरायझर काढा किंवा फिरवून बघा. इंद्रधनुष्याचा उजेडही एका पातळीतला असतो, काच चुकीच्या कोनात असेल तर आख्खं इंद्रधनुष्य गायब!

दुसरा फिल्टर एनडी, म्हणजे नुसती करडी काच. रंग बदलत नाही, फक्त उजेड कमी करते. कशाला? तर धबधबा. रंधा असो की ठोसेघर, पाण्याचा रेशमी पदर दिसायला शटर साधारण अर्धा सेकंद उघडं राहावं लागतं. पण दिवसाउजेडी तेवढं उघडं ठेवलं तर फोटो पांढरा. काचेवरचा आकडा सरळ भागाकाराचा आहे. एनडी ८ म्हणजे आठवा हिस्सा उजेड, एनडी ६४ म्हणजे चौसष्टावा. काचेशिवाय १/१२५ सेकंद येत असेल, तर एनडी ६४ लावल्यावर ६४ पट, म्हणजे बरोबर अर्धा सेकंद. एक एनडी ६४ घेतला की आपल्या सह्याद्रीतले बहुतेक धबधबे झाले. ट्रायपॉड मात्र हवाच, आणि निसरड्या दगडावर ट्रायपॉडपेक्षा आधी स्वतःचे पाय रोवा.

पैसे वाचवायची एक युक्ती. प्रत्येक लेन्सच्या तोंडाचं माप वेगळं असतं, ५२, ५८, ६७ असं. तेवढे फिल्टर घेत बसू नका. सर्वांत मोठ्या मापाचा एक चांगला फिल्टर घ्या आणि लहान लेन्सना बसतील अशा स्टेप-अप रिंगा घ्या. रिंग स्वस्त असते.

काळजीचं थोडक्यात. आपल्याकडचा पावसाळा लेन्सचा शत्रू. चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० च्या दरम्यान ठेवा. निळी सिलिका गुलाबी झाली की सुकवायची, पण स्वयंपाकाच्या कढईत नाही. त्या निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो. वेगळं जुनं भांडं ठेवा. आणि डबा बंद करून विसरू नका, पंधरा दिवसांनी कॅमेरा काढून चार फोटो काढा.

आता माझ्या वयाच्या मंडळींसाठी थोडं वेगळं. मी आयुष्यात बऱ्याच लेन्स घेतल्या. पण सर्वांत विचार करून घेतलेली लेन्स गेल्या वर्षीची. ती बदलून मिळत नाही, विकता येत नाही आणि तिच्यावर फिल्टर बसत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात बसवलेली!

डॉक्टरांनी विचारलं, ‘आजोबा, एकाच अंतराची लेन्स हवी की जवळचं-दूरचं दोन्ही दिसणारी?’ मी म्हटलं, दोन्हीमधलं डावं-उजवं सांगा. ते म्हणाले, दोन्ही दिसणाऱ्या लेन्समध्ये चष्म्याची गरज कमी होते, पण उजेड वाटला जातो. काहींना रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात, काळ्या-पांढऱ्यातला फरक किंचित मंदावतो. मी घरी आलो. दोन रात्री नीट झोप नाही. फोटो काढणाऱ्याला डोळ्याची भीती असते ती दुसऱ्या कुणाला नसेल. शेवटी मी स्वतःलाच तो बँकेतला प्रश्न विचारला, ‘कशासाठी हवी?’ पेपर वाचायला चष्मा लावायची मला पन्नास वर्षांची सवय आहे. मला डोंगर हवा होता. एकाच अंतराची, दूरची लेन्स घेतली. तुमचं उत्तर वेगळं असेल, शिवणकाम करणाऱ्या बाईंचं अगदी उलट असेल. ते आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा, पण हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय सही करू नका.

आधी उजवा डोळा झाला, डावा दोन महिन्यांनी. मधल्या काळात गच्चीवर उभा राहून मी रोज एक प्रयोग करायचो. डावा डोळा झाकला की सिंहगड निळा, आकाश निळं, टाकी पांढरी. उजवा झाकला की तेच सगळं कोऱ्या चहातून बघितल्यासारखं. वयाबरोबर डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पिवळं होत जातं आणि निळा उजेड अडवतं. म्हणजे इतकी वर्षं मी पिवळा फिल्टर लावून हिंडत होतो, आणि तो इतका हळूहळू चढला की कळलंसुद्धा नाही. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचंही १९२३ मध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर रंग नीट दिसावेत म्हणून त्यांना रंगीत काचांचे चष्मे वापरावे लागले. सौ.ला मी गच्चीवर नेऊन म्हटलं, ‘अगं, केवढं निळं आहे हे!’ त्या म्हणाल्या, ‘मला रोजच दिसतं. तुम्हाला फक्त आज दिसलं.’

शेवटचा मुद्दा, आणि हा सोसायटीसाठी आहे. आपण राहायला आलो तेव्हा गच्चीवरून सिंहगड आणि त्याच्यावरचा दूरदर्शनचा मनोरा स्वच्छ दिसायचा. आज मधल्या इमारतींच्या फटीतून दिसतो. नैऋत्येच्या रिकाम्या प्लॉटवर पाटी लागली आहे, सगळ्यांनी वाचली असेल. बावीस मजले. दोन-तीन वर्षांत ती फटही बुजेल. त्याबद्दल मला तक्रार करायची नाही. आपली सोसायटी उभी राहिली तेव्हाही कुणाच्या तरी खिडकीतला डोंगर गेलाच असेल.

पण माझ्याकडे याच गच्चीवरून काढलेले पंचवीस वर्षांचे फोटो आहेत. आधी रोलवर, मग डिजिटलवर. त्यांच्या प्रती मी संस्थेच्या कार्यालयात तारखेसह देतो आहे. माझी विनंती अशी की पुढचे फोटो तुम्ही काढा. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात सकाळी आठच्या सुमारास, हवा धुतलेली असते तेव्हा. गच्चीवर टाकीच्या कठड्यापाशी मी तैलरंगाने एक खूण करून ठेवली आहे, सेक्रेटरींची परवानगी घेऊन. दर वर्षी त्याच खुणेवर उभं राहायचं आणि त्याच दिशेला एक फोटो. कॅमेरा कोणताही चालेल, मोबाईलही चालेल. फिल्टर नसला तरी चालेल. डोंगर दिसेनासा झाला तरी फोटो काढायचा. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत तेव्हाच्या संपादकांना पानभर मजकूर तयार मिळेल.

यंदाच्या ऑक्टोबरसाठी दोन नावं हवी आहेत. मागच्या रांगेतून हात वर येताना दिसताहेत, त्यांनी चहाच्या टेबलापाशी मला भेटावं. गॉगल मी तिथेच ठेवतो.